पाटाची पाळी, सिंधूचा करार आणि आटत चाललेला पऱ्या

आगरातला

मंडळी नमस्कार. गेल्या रविवारी आमच्याकडे जे झालं ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही म्हणून धागा काढतोय.

गाव गुहागर तालुक्यात. डोंगरातून एक पऱ्या येतो, त्याच्यावर दिवाळीनंतर आम्ही दगडमातीचा बांध घालतो, तिथून पाट निघतो आणि त्या पाटावर वरची वाडी आणि खालची वाडी अशा दोन्हींची आगरं शिपली जातात. आठवड्यातले चार दिवस वरच्यांचे, तीन दिवस खालच्यांचे. ही पाळी माझ्या आजोबांच्याही आधीपासून चालत आलीय, कुठे लिहिलेली नाही. पूर्वी मे महिना लागेपर्यंत पाणी पुरायचं. आता शिमगा व्हायच्या आतच पाटाला फक्त ओल राहते.

रविवारी आमची पाळी होती. पहाटे पाचला बॅटरी घेऊन गेलो तर पाट कोरडा. वर चढत गेलो तर पाट फोडून पाणी एका आगरात वळवलेलं आणि फोडणारा तिथेच उभा, माझ्याबरोबर पहिलीपासून एका बाकावर बसलेला. त्याच्या हातात कुदळ, माझ्या हातात कुदळ. तो एवढंच म्हणाला, "पोफळीच्या शेंड्याकडे बघ, पिवळी पडलीत." मी काहीच बोललो नाही, तसाच खाली आलो, पण संध्याकाळी आमच्या वाडीतली दहाबारा माणसं जमली आणि पोलिसात जायची भाषा सुरू झाली.

त्याच रात्री टीव्हीवर भारत-पाकिस्तानच्या सिंधू नदी पाणीवाटप कराराची चर्चा चालू होती. मला त्या दोन गोष्टी वेगळ्या वाटेचनात. तर विचारायचं असं की पाण्यावरून खरंच देशादेशांत युद्धं होतील का? आणि पाणीच कमी झालं तर जुनी पाळी कशी चालवायची? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला या आठवड्यातच हवंय, पुढच्या रविवारी देवळात बैठक आहे.

सुपारीचं_खांड

आधी पोलिसात जाऊ नका. एकदा तक्रार झाली की पुढच्या वर्षी बांध घालायला वरची वाडी येणार नाही आणि खालच्यांना एकट्याने तो झेपणार नाही.

खाडीकाठची

दादा, तुमचं निदान गोडं पाणी तरी आहे. आमच्याकडे, पेणच्या खारेपाटात, विहिरीचं पाणी फेब्रुवारीतच मचूळ लागायला लागतं. भांडण पाणी नसल्याचं नाहीच, नको ते पाणी आल्याचं आहे.

आमच्या बंदिस्तीच्या (खारं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या) उघाडीच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दाराच्या, फळ्या कुजलेल्या होत्या. दोन वर्षं अर्ज करतोय, ज्यांनी बदलायच्या ते एकमेकांकडे बोट दाखवतात. मागल्या भाद्रपदातल्या अमावास्येच्या उधाणाला फळी सुटली, शेजारून बांधाला खांड गेली (बांध फुटला) आणि सकाळी उठून बघते तर पोटरीत आलेलं भात गुडघाभर खाऱ्या पाण्यात. वरून हिरवंगार दिसत होतं. चार दिवसांनी टोकापासून तांबडं पडत गेलं. आता दोनतीन पावसाळे जमीन धुवून निघेपर्यंत तिथे काही धड येणार नाही. आमच्या सासूबाई म्हणतात पूर्वी उधाणाचं पाणी बांधाच्या हातभर खाली राहायचं. समुद्र चढतोय हे आम्हाला कोणी पुस्तकातून सांगायला नको, बांधावरची खूण सांगते.

जहाजी

पहिल्या प्रश्नावर बोलतो. मी मर्चंट नेव्हीत आहे, मूळ गाव दापोलीकडे. २०२३ च्या शेवटाला आमचं जहाज पनामा कालव्याच्या तोंडाशी बरेच दिवस नांगर टाकून उभं होतं, कारण पाणी नव्हतं! लोकांना वाटतं कालवा म्हणजे समुद्राचं पाणी. तसं नाही, गातून नावाचं गोड्या पाण्याचं तळं उंचावर आहे आणि त्याचं पाणी सोडून जहाज पायरीपायरीने चढवतात-उतरवतात. एका जहाजामागे सुमारे १९-२० कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं. त्या वर्षी एल निनोमुळे, म्हणजे प्रशांत महासागर तापल्यामुळे, पाऊस कमी झाला, तळं उतरलं आणि एरवी दिवसाला ३६ च्या आसपास जहाजं सोडतात ती २४ वर आणली. त्याच तळ्यातून तिथल्या शहरांना पिण्याचं पाणी जातं, म्हणजे जहाज सोडायचं की नळ, हा रोजचा हिशोब. डेकवर उभं राहून लांबवर उभ्या जहाजांचे दिवे मोजायचो तेव्हा आमच्या घरामागची विहीर आठवायची, कारण तिथेही आई पहाटे दोर किती आत गेला त्याच्यावरून ठरवायची की आज कपडे धुवायचे की नाही.

युद्ध झालं नाही, पण जगाचा व्यापार एका तळ्याने अडवला.

कट्ट्यावरचा

आगरातला, वरच्या वाडीतला जावई करून घ्या, पाळी तीनची चार होईल :)

आगरातला

@कट्ट्यावरचा, माझी सख्खी आत्या वरच्या वाडीत दिलीय हो. तिचा फोन आला होता, ती रडत होती. तिला दोन्हीकडचं पटतंय.

रणधुमाळी

युद्धं होणारच, होतायतच. सीरियाचं बघा. २००६ ते २०१० तिथे भयंकर दुष्काळ पडला, ईशान्येकडचे शेतकरी गावं सोडून शहरात आले आणि २०११ ला भडका उडाला. पाणी संपलं की माणूस शस्त्र उचलतो, सरळ गणित आहे.

भूगोलाचे_सर

इतकं सरळ नाही. दुष्काळ पडला हे खरं, पण तो त्या भागात शेजारच्या देशांतही होता, तिथे तसं झालं नाही. सीरियात गहू आणि कापसासाठी सरकारनेच वर्षानुवर्षं बोअरचं पाणी उपसायला लावलं, मग २००८ साली डिझेलचं अनुदान एकदम काढून घेतलं, पंप बंद पडले, आणि त्रासलेली माणसं बोलायला लागली तर त्यांच्यावर गोळ्या चालवल्या. सगळा दोष पावसावर टाकला की राज्यकर्ते मोकळे सुटतात, म्हणून मला ही मांडणी पटत नाही.

दोन देश निव्वळ पाण्यासाठी लढले अशी उदाहरणं इतिहासात शोधावी लागतात. भांडणारे देशसुद्धा पाण्यावर करार करतात आणि पाळतात. सिंधू करार १९ सप्टेंबर १९६० ला कराचीत झाला, नेहरू आणि अयूब खान यांच्या सह्या, मध्यस्थ जागतिक बँक. रावी, बियास, सतलज आपल्याकडे. सिंधू, झेलम, चिनाब मुख्यतः त्यांच्याकडे. १९६५, १९७१, १९९९ अशी तीन युद्धं झाली तरी तो टिकला. पहलगामच्या हल्ल्यानंतर २३ एप्रिल २०२५ ला भारताने तो स्थगित केला, म्हणजे ६४ वर्षं चालला.

रणधुमाळी

सर, पण स्थगित झालाच ना शेवटी. माणसं मारणाऱ्यांना पाणी का द्यायचं?

भूगोलाचे_सर

तुमचा राग मला समजतो आणि हल्ल्याबद्दल माझ्या मनातही तोच आहे. मी फक्त नदीच्या बाजूने सांगतो. पश्चिमेकडच्या तीन नद्यांचं सगळं पाणी अडवायला तेवढी मोठी धरणं लागतात, ती आपल्याकडे आज नाहीत, बांधायला वर्षं जातात. लगेच थांबतं ते पाणी नव्हे, माहिती थांबते. आज नदीला किती पाणी आहे, पूर येतोय का, हे एकमेकांना सांगणं बंद होतं. दोन्ही बाजूंना हिमनद्या वितळताना दिसत असताना ही माहिती बंद होणं मला जास्त घातक वाटतं.

रणधुमाळी

माहितीचा मुद्दा मान्य. बाकीच्यावर आपलं जमणार नाही :)

दर्याकिनारी

अस्सलाम आलेकुम मंडळी. आम्ही रत्नागिरीचे, वडील कुवेतला होते. ऑगस्ट १९९० ला इराकचं सैन्य शिरलं तेव्हा अब्बांनी पहिली गोष्ट काय केली असेल तर घरातलं प्रत्येक भांडं, बादली, बाथटब पाण्याने भरला. पैसे, पासपोर्ट नंतर. कारण कुवेतला नदी नाही, पिण्याचं जवळजवळ सगळं पाणी समुद्राचं खारं पाणी गोडं करून येतं. ते कारखाने बंद पडले की शहर थोड्या दिवसांत तहानेने रिकामं होईल हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. पुढे १९९१ ला युद्धात समुद्रात प्रचंड तेल सोडलं गेलं तेव्हा सौदीतल्या जुबैलच्या कारखान्यात तेल शिरू नये म्हणून पाण्यात तरंगते अडसर लावावे लागले होते.

कोकणातली हजारो घरं आज आखातातल्या पगारावर चालतात. तिथे एखाद्या अशा कारखान्यावर क्षेपणास्त्र पडलं तर चटका खेड, श्रीवर्धन, राजापूरच्या घरांना बसणार आहे. अब्बा गावी परत आल्यावरही रोज रात्री झोपायच्या आधी दोन हंडे भरून झाकून ठेवायचे, शेवटपर्यंत.

खाडीकाठची

@दर्याकिनारी, वाचून अंगावर काटा आला. वालेकुम सलाम भाऊ.

शांतिप्रिय

युद्धात पाण्यावर हल्ला करायला कायद्याने बंदी आहे ना?

भूगोलाचे_सर

आहे. जीनिव्हा करारांना १९७७ साली जोड दिली, त्यात पिण्याच्या पाण्याची व्यवस्था आणि धरणं यांना संरक्षण दिलंय. तरी ६ जून २०२३ ला युक्रेनमधलं काखोव्का धरण फुटलं, खालची गावं बुडाली आणि वरच्या कालव्यांवरची शेती कोरडी पडली, एकाच दिवशी पूर आणि दुष्काळ. त्याच्या आधी २०१४ ला रशियाने क्रिमिया घेतल्यावर युक्रेनने तिकडे जाणारा कालवा बंद केला होता आणि २०२२ च्या फेब्रुवारीत रशियन सैन्याने आल्याआल्या तो अडवणारा बांध उडवला. पाणी युद्धाचं कारण क्वचित होतं, हत्यार मात्र नेहमी होतं.

व्हाळाकडचो

आमच्या हय कुडाळात व्हाळार बांध घालूक पूर्वी घराक एक माणूस येय. आता घराकच माणूस नाय तर व्हाळार खयसून येतलो? सगळे मुंबयक. बांध नाय म्हणान बावीक पाणी नाय, पाणी नाय म्हणान वायंगण (उन्हाळी भात) नाय, वायंगण नाय म्हणान माणूस मुंबयक. ह्या चक्र कोणी सोडवचा?

चिपळूणकर_नवा

विषय निघालाच आहे तर आमचं पण ऐका. कोयनेचं पाणी मुळात कृष्णेच्या खोऱ्यातलं, वीज करण्यासाठी ते सह्याद्रीतून पश्चिमेला सोडतात, कृष्णा लवादाने त्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातलीय. ते पाणी वाशिष्ठीत येतं आणि समुद्रात जातं. वरच्यांना वाटतं आमचं पाणी फुकट चाललंय, मुंबईला वाटतं आम्हाला द्या, मराठवाड्याला वाटतं आम्हाला द्या, आणि ज्या डोंगराखालून ते वाहतं त्या गावांत एप्रिलमध्ये टँकर फिरतो. हे मी डोळ्यांनी बघतो, नदीकाठच्या रस्त्याने टँकर जातो.

पण "फुकट समुद्राला जातं" हे वाक्य मला मान्य नाही. भर उन्हाळ्यात वाशिष्ठी वाहती आहे ती त्या पाण्यामुळे, आणि ती वाहती आहे म्हणून खाडीचं खारं पाणी वर चढत नाही. उद्या सगळं पाणी पाइपातून नेलं तर काठच्या विहिरी आणि खाडीतल्या मासळीचं काय होईल हा हिशोब कोणी मांडलाय का?

आणि २२ जुलै २०२१ विसरू नका. चिपळूण बुडालं तेव्हा आमच्या दुकानात माळ्यापर्यंत पाणी होतं. उतरल्यावर फळ्यांवर जो चिखल होता त्याचा वास अजून पावसाळ्यात येतो. तेवढं पाणी येऊनसुद्धा पुढे आठवडाभर आम्हाला प्यायला पाणी बाहेरगावाहून आलेल्या बाटल्यांचं.

हवामानवेडी

@चिपळूणकर_नवा, दोन्ही गोष्टी एकाच कारणाच्या आहेत. हवा १ अंशाने तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरून ठेवते, मग कोसळते तेव्हा एकदम कोसळते. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो पण तो कसा पडतो त्याला महत्त्व आहे. झिमझिम आठ दिवस पडला तर जमिनीत मुरतो, आठ तासांत पडला तर सड्यावरून (डोंगरमाथ्याच्या कातळावरून) घसरून थेट खाडीत जातो आणि जाताना माती घेऊन जातो. शिवाय अरबी समुद्र तापलाय, २०२० च्या जूनमध्ये निसर्ग, २०२१ च्या मेमध्ये तौक्ते. आगरातलांचा पऱ्या शिमग्याआधी आटतो त्याचं मूळ इथे आहे.

चिरेखाण_नको

थोडं थांबा ताई. सगळं हवामानावर ढकलू नका. आमच्या गावचा झरा दोन वर्षांत आटला, तेव्हा पाऊस चांगला झाला होता. झालं काय, तर वरच्या सड्यावर चिऱ्याची खाण लागली आणि उतारावरचं रान तोडलं. जांभा म्हणजे स्पंज आहे, पावसाचं पाणी पिऊन तो हळूहळू खाली सोडतो. स्पंजच कापून विकला तर पाणी कुठे राहणार? दादा, तुमच्या वरच्या वाडीच्या डोक्यावर काय चाललंय ते आधी बघून या.

हवामानवेडी

हे बरोबर आहे, मी एकाच बाजूने लिहिलं. दोन्ही एकत्र होतंय आणि म्हणूनच एवढ्या लवकर होतंय.

महाडची_लेक

सगळे वरचे-खालचे देश, वरची-खालची वाडी यावर बोलताय. वरचा-खालचा याचा आणखी एक अर्थ आपल्या कोकणात होता, तो सोडून हा धागा पुरा होणार नाही. आमच्या गावचं चवदार तळं. १९२३ ला मुंबई कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करायचा बोले यांचा ठराव झाला, १९२४ ला महाड नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केलं, कागदावर. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा परतणाऱ्या माणसांना मारहाण झाली. तळ्यावरच्या हक्काच्या खटल्यात हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ चा मार्च उजाडला.

त्या तळ्यात पाणी कमी नव्हतं. माझी पणजी त्या दिवशी गर्दीत होती असं आमच्या घरात सांगतात. मी तळ्याच्या पायऱ्यांवर बसते तेव्हा पाणी अगदी स्तब्ध असतं, आणि हेच पाणी गुरं पीत होती आणि माणसांना बंदी होती हे मनात येऊन घसा दाटतो. म्हणून आगरातला, बैठकीत पाळी ठरवाल तेव्हा तिसरी वाडीही बघा. पाटावर ज्यांचं आगर नाही, ज्यांना फक्त प्यायला दोन कळश्या लागतात, त्यांना बैठकीला बोलावलंय का?

आगरातला

ताई, नव्हतं बोलावलं. पाटाच्या शेवटाला सात घरं आहेत, त्यांना आगर नाही म्हणून पाळीत नाव नाही. त्यांच्या बायका पाटावर कळशी भरतात हे आम्ही सगळे बघतो पण ते मोजणीत धरत नाही. आज जाऊन सांगून आलो.

सुपारीचं_खांड

👏

भूगोलाचे_सर

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, कारण माझ्या मते सगळ्या करारांची दुखरी नस तिथेच आहे. अमेरिकेत कोलोराडो नदीचं वाटप १९२२ साली ठरलं, ठराविक आकडे लिहून. ज्या वर्षांची मोजणी धरली ती नेमकी भरपूर पावसाची होती. नदीत नसलेलं पाणी कागदावर वाटलं गेलं आणि आज सात राज्यं त्याच आकड्यांवर भांडतायत. नाईलवर १९५९ चा करार, इजिप्तला ५५.५ अब्ज घनमीटर, सुदानला १८.५, आणि ज्या इथिओपियातून बहुतेक पाणी येतं त्याला विचारलंच नाही. त्याने २०११ ला स्वतःचं धरण बांधायला घेतलं, २०२५ ला त्याचं उद्घाटनही झालं. वरच्या वाडीने विचारल्याशिवाय बांध घातला तसंच.

या उलट आपला आणि बांगलादेशाचा गंगेचा करार बघा, १२ डिसेंबर १९९६. त्यात फराक्क्याला (पश्चिम बंगालमधल्या गंगेवरच्या बंधाऱ्याला) जेवढं पाणी येईल त्याच्यावर वाटणी आहे. ७० हजार क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) किंवा कमी असेल तर निम्मं-निम्मं. ११ मार्च ते १० मे या कडक दिवसांत तर दहा-दहा दिवसांची आलटून पालटून पाळी आहे, ज्याची पाळी त्याला ३५ हजार क्युसेकची हमी. आणि पाणी ५० हजाराच्या खाली गेलं तर दोघांनी ताबडतोब बोलायला बसायचं. करार ३० वर्षांचा, म्हणजे डिसेंबर २०२६ पर्यंत. त्यातही त्रुटी आहेत, १९४९ ते १९८८ ची सरासरी धरलीय आणि ती गंगा आता तशी राहिली नाही. पण रीत बघा: दिवस वाटण्याआधी पाणी मोजा, कमी झालं तर किती कमी झाल्यावर बसायचं ते आधीच ठरवा.

कट्ट्यावरचा

सर, म्हणजे फराक्क्यावर पण पाळीच! आमच्या आजीला सांगतो, तिला वाटतं पाळी फक्त आमच्या पाटावर.

आगरातला

सर, हे पहिल्यांदाच कोणी असं समजावून सांगितलं. आमची चार-तीनची पाळी भरपूर पाण्याच्या काळातली. पण पाटाचं पाणी मोजायचं कसं? आमच्याकडे काही यंत्र नाही.

पाटकरी

यंत्र कशाला हवं. मी लहानपणापासून पाट राखलाय. पाटात पन्हळ टाका, खाली दोनशे लिटरचं पिंप ठेवा, सगळं पाणी पन्हळीतूनच पडेल असं बाजूने मातीने लिंपून घ्या आणि भरायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर बघा. दर सोमवारी, एकाच जागी, सकाळी, दोन्ही वाड्यांचा एकेक माणूस उभा करून. वहीत लिहायचं आणि दोघांनी सही करायची. सही महत्त्वाची आहे, नाहीतर पुढे "तुम्ही चोरून मोजलंत" होतं. आणि रात्री शिपा, दुपारी पाटात सोडलेलं पाणी वाटेतच अर्धं जातं. आळ्यात झावळ्या, पातेरा टाका.

व्हाळाकडचो

पाटकरीकाकानू, ह्या बेस सांगितलास. मी पण करून बघतंय.

चिरेखाण_नको

आगरातला, वरती बघून आलात का?

आगरातला

हो, काल गेलो. बरोबर कोण आलं असेल तर तोच, बालमित्र. तासभर चढलो, फारसं बोलणं झालं नाही. बांधाच्या वर उताराला सगळं रान साफ करून काजू लावलाय, मालक मुंबईत असतात. त्याच्या खाली दोन नव्या बोअर आहेत, एक तर पऱ्यापासून वीस पावलांवर. माझा मित्र बराच वेळ त्या बोअरच्या पाइपावर हात ठेवून उभा राहिला, मग म्हणाला, "आपण दोघं कुदळी घेऊन उभे होतो तेव्हा हा चालू होता." त्या मालकांना आम्ही दोघांनी मिळून फोन केला. ते बैठकीला येतो म्हणालेत, बघू.

महाडची_लेक

बैठकीचं काय झालं ते नक्की कळवा.

आगरातला

बैठक झाली. साडेतीन तास चालली, मध्ये दोनदा आवाज चढले, एकजण उठून गेला आणि परत आला. शेवटच्या सात घरांना रोज सकाळी एक तास पाट मोकळा, त्यात कोणी शिपायचं नाही, हे सगळ्यांत आधी ठरलं. बाकीचं पाणी मोजून ठरवायचं, निम्मं-निम्मं, आणि दोनशे लिटरचं पिंप भरायला चार मिनिटांच्या वर वेळ लागला तर दोन्ही वाड्यांनी त्याच संध्याकाळी बसायचं. बोअरवाले आले नाहीत, त्यांचा भाऊ आला, त्याने एप्रिल-मे बोअर बंद ठेवायचं तोंडी कबूल केलंय पण वहीत सही करायला तयार नाही. तेवढं राहिलंय.

आज सोमवार, पहिली मोजणी. वरच्या वाडीकडून तो, आमच्याकडून मी. पिंप भरायला १ मिनिट ५० सेकंद. वही देवळात ठेवलीय.

पाटकरी

पन्हळीच्या तोंडाशी पाला अडकला नव्हता ना? बघून घ्या, मोजणी चुकते.

आगरातला

दोन पानं होती काका. काढून परत मोजलं. १ मिनिट ४० सेकंद.